पाचवा क्रमांक: अनडिफाइंड

“यंदा नंबर आला नाही, तर सगळे गुलाब मुळासकट उपटून टाकीन,” असं आत्याने जाहीर केलं होतं. आत्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तिच्या भाचीने नुकताच प्रोग्रॅमिंगचा क्लास लावला होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं तिने लगेच गुलाब-स्पर्धेचा निकाल पडद्यावर दाखवायचं काम अंगावर घेतलं. परीक्षकांनी पाच नावं पहिल्यापासून ओळीने भरली आणि ते जेवायला पळाले. नावं बघायची तिला बंदी होती. जाहीर मात्र उलटी करायची होती, पाचव्यापासून वर.

क्लासमधल्या बाईंनी घसा फोडून सांगितलं होतं, “कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो गं! पाच घरं असली तर पहिल्याचा नंबर शून्य, शेवटच्याचा चार.” भाचीने मान डोलावली होती आणि एकेक घर उघडणारा लूप लिहिला होता पाचपासून एकपर्यंत. झालं!

निवेदकाचा आवाज खणखणीत, डोकं मात्र सुट्टीवर. पडद्यावर दिसेल ते वाचायचं, बस्स. “पाचवा क्रमांक... अनडिफाइंड! जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. कोणी आलं नाही. “आले नाहीत वाटतं,” म्हणत त्याने छोटा कप बाजूच्या टेबलावर ठेवला. मग चौथा, तिसरा, दुसरा, आणि पहिला क्रमांक आत्याच्या शेजारणीला! दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आत्या कुंडी उचलून दाराकडे निघाली.

भाचीला रडूच आलं. पण हा अनडिफाइंड कोण? अरे देवा! पाच नंबरचं घरच नाही, म्हणून कॉम्प्युटर ‘अनडिफाइंड’, म्हणजे ‘इथे कोणीच नाही’, असं म्हणाला. म्हणजे सगळे एकेक पायरी वर चढले, आणि शून्य नंबरचं घर उघडलंच नाही! तिने ते उघडलं आणि किंचाळली, “आत्या, थांब! पहिली तू आहेस!”

सगळं सभागृह वळलं. “मग मला गाळलं कोणी?” आत्याने विचारलं.

“मी,” भाची म्हणाली. आता कान धरणार, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

“परक्यांनी इतकी वर्षं गाळलं, आता घरचीनेही!” म्हणत आत्या तरातरा मंचावर गेली. शेजारणीने ओठ चावत मोठा कप दिला, आणि प्रत्येकाचं बक्षीस वरच्याकडे सरकलं. छोटा कपही खऱ्या पाचव्याला मिळाला.

आत्याने कप पदराने पुसला, पुन्हा पुसला. डोळेही पुसले. मग रिकाम्या टेबलाकडे बघून ती हळूच म्हणाली, “आणि तो अनडिफाइंड? त्या बिचाऱ्याचं हातचं गेलं की गं. कुठे भेटला तर सांग त्याला, एवढ्यात गुलाब उपटू नकोस म्हणावं.”