साहेबांचा एक नंबर

अध्यक्ष बबनराव केबिनमध्ये येऊन संगणक सुरू करत, आणि दोन मिनिटांत संस्थेचं नेट बंद पडे. ते संगणक बंद करून जेवायला घरी गेले की नेट आपोआप परत येई. कारंज्याच्या त्या सहकारी संस्थेत महिनाभर हे असंच चाललं होतं. कर्मचारी याला साहेबांचा पायगुण म्हणत, अर्थात साहेब जेवायला गेल्यावर. साहेबांचा निष्कर्ष वेगळा होता.

"मी आलो का बंद, मी गेलो का चालू. अफ्रीन, तूच बंद करून राह्यली. सोमवारपर्यंत सुधारलं नाई तं तुह्या करारावर सही नाई."

अफ्रीन कंत्राटी ऑपरेटर. करार सोमवारीच संपत होता.

तिनं साहेबांचा संगणक सुरू केला. पडद्यावर सूचना आली: हाच पत्ता नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राकडेही आहे. बबनराव ही सूचना रोज न वाचता मिटवत. पत्त्याचा शेवटचा आकडा होता एक. तो दिला होता हेडक्लार्क जगदेवभाऊंनी.

"चहा ज्या यादीनं जाते, त्याच यादीनं नंबर देले," जगदेवभाऊ म्हणाले. "साहेबाले एक, उपाध्यक्ष भाऊसिंगले दोन. काय चुकलं?"

"एक नंबर आधीच राउटरचा आहे, भाऊ. त्या फळीवरच्या डब्याचा. सगळ्याइचं नेट त्याच्यातूनच येते. साहेबाचा संगणक सुरू झाला का बाकीच्याइले समजत नाई, डबा कोणता अन् साहेब कोणता."

"हे साहेबाले तू सांग. मले रिटायर व्हाले दोनच वर्सं राह्यले."

अफ्रीन केबिनमध्ये गेली. "साहेब, तुमचा नंबर बदलावा लागते. पन्नास मोकळा आहे."

"शिपायाच्या टेबलावरचा कितवा?"

"चौदा."

"डब्याले हालव," बबनराव म्हणाले.

तिनं डब्याला दोनशे चोपन्न नंबर दिला आणि मग चौदाही संगणकांवर फिरून त्यांना डब्याचा नवा पत्ता शिकवला. त्यात दुपार गेली. "यादीत सगळ्यात खाली," जगदेवभाऊ हळहळले. डब्याची काही तक्रार नव्हती.

सोमवारी साहेब अकरापासून केबिनमध्ये होते आणि नेट चालू होतं. अफ्रीननं करार पुढे ठेवला.

"नेट तं सुधरलं," बबनराव म्हणाले. "आता तुह्यं काय काम?"

"काई नाई, साहेब. भाऊसिंगसाहेबाइनं नवीन लॅपटॉप आणला. जगदेवभाऊ त्याले नंबर देऊन राह्यले."

"कोणता?"

"ते मले पाहा लागन."

करारावर सहा महिने टाईप केलेले होते. बबनरावांनी ते खोडून स्वतःच्या हातानं अकरा लिहिले आणि सही केली.