चेन बोलतेय का?

"चेन बोलतेय का, मिस्त्री?" साहेबांनी व्हीलचेअरवरून विचारलं.

मिस्त्रींनी हातभर लांब रबरी नळीचं एक टोक, चेन ज्याच्या आत फिरते त्या, चालू इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं, दुसरं कानाशी धरलं आणि डोळे मिटले. डोळे मिटले की माणूस फार लक्ष देऊन ऐकतोय असं दिसतं.

"नाही साहेब. एकदम गप्प आहे."

"नक्की?"

"बत्तीस वर्षांत कधी खोटं सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतं, हे खरंच. गेलं वर्ष सोडलं तर.

गाडी इटलीची, दोन दारांची, लांब नाकाची. साहेबांनी ऐन तिशीत हौसेनं आणलेली. बारा सिलिंडर आणि सहा कार्बोरेटर. एवढा मोठा कुटुंबकबिला म्हटल्यावर रुसवेफुगवे आलेच. हवा जरा बदलली की एखादा कार्बोरेटर तोंड फिरवायचा. मग मिस्त्री एकेकाच्या तोंडाशी नळी धरून तो हवा कशी ओढतोय ते ऐकत आणि सहाही जण एका सुरात येईपर्यंत स्क्रू पाव पाव फेरा फिरवत बसत. गावातले बाकीचे मेकॅनिक या गाडीचं बॉनेट उघडायलाही धजत नसत. साहेबांचे पाय तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून गाडी गॅरेजबाहेर पडली नव्हती. तरी मिस्त्री दर गुरुवारी दहाला येत आणि अर्धा तास इंजिन चालवत. साहेब खुर्ची जवळ घेऊन बसत, मुलगी चहा आणून देई.

वर्षापूर्वी मिस्त्रींच्या कानातून आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज गेले. घड्याळाचा गजर गेला, मग दाराची बेल.

"अहो, बेल दाबून दाबून बोट दुखलं माझं," बायको म्हणाली. "कान दाखवून या एकदा."

"माझे कान? बारा सिलिंडरांत कुठला रुसलाय ते सांगतो मी!"

"मग बेलच रुसली असेल."

ते डॉक्टरकडे गेले नाहीत. डॉक्टर जे सांगणार ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. सगळी अब्रू त्या दोन कानांत होती.

आता साहेबांच्या हृदयानंही हात टेकले होते. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, त्यांची जी इच्छा असेल ती आताच पुरी करा. इच्छा एकच होती. आपल्या गाडीतून टेकडीवरच्या वळणापर्यंत जायचं, जिथून सगळं गाव दिसतं. रविवार ठरला.

रविवारी सकाळी मुलगी स्टिअरिंगवर बसली, शेजारी साहेब, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर गुडघे हनुवटीशी घेऊन मिस्त्री. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. चढ सुरू होण्याआधीच्या सरळ रस्त्यावर ते लहान मुलासारखे ओरडले, "दाब गं! दाब!"

तिनं दाबलं. इंजिनानं वरचा सूर लावला. मिस्त्रींना तो ऐकू आला नाही, पण पाठीच्या कण्यातून कळला, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. मग त्याच कण्यात एक हिसका बसला. पुढून काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि गाडी धूर सोडत कडेला थांबली.

वळण समोर दिसत होतं. साहेब त्याच्याकडे बघत राहिले.

सोमवारी मिस्त्रींनी इंजिन उघडलं. व्हॉल्व्हना वेळेवर हलवणारी टायमिंग चेन सैल होऊन दात चुकली होती, आणि वाकलेल्या व्हॉल्व्हनी पिस्टनला भोकं पाडली होती. एका हेडला तडा गेला होता. चेनचा ताण धरून ठेवणारा बोल्ट ढिला पडू नये म्हणून त्यावर आवळायचा चेकनट त्यांनी दोन बोटांत धरला. तो पान्याशिवाय फिरला.

त्यांना सगळं आठवलं. महिन्यापूर्वी त्यांनीच चेन ताणली होती. त्यांच्या उस्तादांची रीत अशी, की चेकनट आधी नुसता बोटानं बसवायचा, इंजिन चालू करायचं, चेनची बारीक गुणगुण कानाला नीट लागली की मगच पाना लावायचा. त्या दिवशी मिस्त्री नळी लावून गुणगुणीची वाट बघत बसले. ती आलीच नाही. साहेब बघत होते. मिस्त्रींनी मान हलवली, "झकास" म्हणाले, आणि शरमेच्या घाईत इंजिन बंद करून सामान आवरलं. पाना लावायचा राहिला.

"वयच झालं होतं ना काका, इंजिनाचं?" दारातून मुलीनं विचारलं. तिनं साहेबांची खुर्ची आत ढकलत आणली होती.

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. चेकनट खिशात टाकला असता तर कुणाला कळणार होतं?

"चेकनट मी आवळलाच नव्हता, साहेब," मिस्त्री म्हणाले. "आणि चेनचा आवाज मला येत नाही. वर्ष झालं."

साहेबांनी उघड्या इंजिनाकडे पाहिलं.

"मला येत होता," ते म्हणाले.

"काय?"

"आवाज. चार गुरुवार ऐकतोय. खळखळ, खळखळ. दर वेळी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात गप्प आहे. म्हटलं, पाय गेले, आता कानही गेले आपले. तुमच्या कानांपुढे माझ्या कानांचं काय खरं धरू?"

ते हळू बोलत होते. मिस्त्रींना त्यातला शब्द न् शब्द ऐकू आला.

"पुन्हा चालू होईल?" मुलीनं विचारलं.

"नाही, ताई. याचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत."

"चल, आत ने मला," साहेब म्हणाले. खुर्ची वळली. त्यांनी मागे पाहिलं नाही.

गुरुवारी दहाला मिस्त्री आले. कोणी बोलावलं नव्हतं. मुलीनं गॅरेजचं दार उघडून दिलं आणि ती आत गेली. चहा आला नाही. आतल्या खोलीची खिडकी बंद होती.

मिस्त्रींनी बाराही सिलिंडरांची तोंडं धुतलेल्या फडक्यांनी नीट बंद केली, धूळ जाऊ नये म्हणून. चेकनट पुसला, बोटानं बसवला, आणि पाना लावून सगळा जोर एकवटून आवळला.

"बसला, साहेब," ते सवयीनं म्हणाले आणि वळले. फरशीवरच्या तेलात खुर्चीच्या चाकांच्या दोन रेघा दारापर्यंत गेल्या होत्या.