आप्पांचा त्रिकोण

तेल, पाणी आणि अल्कोहोल कोणत्या प्रमाणात एकजीव राहतात, हे माझे आप्पा अत्तराच्या कारखान्यात त्रिकोणी आलेखावर मांडतात. तेल-अल्कोहोलमध्ये थेंबथेंब पाणी सोडायचं आणि मिश्रण गढूळ दिसलं की आलेखावर टिंब द्यायचं. पण गेली दोन वर्षं ती टिंबं जोडून काढलेली त्यांची रेषा पुस्तकातल्या रेषेशी जुळेल तर शपथ! "पुस्तकच चुकलंय!" म्हणून ते माझ्यावर डाफरायचे. जसं काही ते मीच लिहिलंय.

गेल्या महिन्यात आईने त्यांना ओढत नेऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करवलं. आज आप्पा पुन्हा थेंब सोडायला बसले, तर मिश्रण लवकर गढूळ व्हायचं नावच घेईना. एकेक टिंब पुस्तकातल्या रेषेवर नेमकं जाऊन बसलं. मिश्रणाचा काचेचा चंबू उजेडात धरून आप्पा खो खो हसत सुटले.

"अगं, म्हणजे दोन वर्षं मी मोतीबिंदूचाच आलेख काढत होतो!"