विमाने ऐकणारा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. वाजणारा नव्हे, ऐकणारा! एका पत्रेवाल्याने माणसाच्या उंचीची दोन नरसाळी ठोकून फिरत्या लाकडी चौकटीवर बसवली, त्यांना रबरी नळ्या जोडल्या आणि मला शहराबाहेरच्या टेकडीवर नेऊन ठेवले. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

मित्रांनो, पूर्वी दोन सैन्ये कुठल्याशा माळावर भिडत आणि घरच्यांना बातमी मागाहून कळे. मग विमाने आली आणि लढाई थेट घरांच्या छपरांवर येऊन ठेपली. विमान दिसण्याआधीच त्याची घरघर टिपायची, हे माझे काम.

नळ्या कानांना लावून बसे एक घड्याळजी. दुकानातल्या साठ घड्याळांतले एक जरी मागे पडले, तरी त्याला नुसत्या टिकटिकीवरून कळे. दोन्ही कानांत घरघर सारखी भरेपर्यंत तो मला वळवी आणि हात वर करी. लगेच शिपाई भोंगा वाजवी. पहिल्या वर्षी भोंग्यानंतर विमान डोक्यावर यायला पंधरा मिनिटे लागत. लोक माझ्यावर बेहद्द खूश होते. मीही फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू?

घड्याळजीची थोरली बहीण खाली शाळेत शिकवायची. तिच्या चाळीस मुलांना तिसऱ्या मजल्यावरून तळघरात उतरायला सहा मिनिटे लागत. म्हणून भोंगा वाजला की घड्याळजीची नजर घड्याळावरून हलत नसे.

पुढे विमाने वेगवान झाली. पंधराची दहा झाली, दहाची सात. माझी नरसाळी तीच, त्याचे कानही तेच. मिनिटे मात्र गळत चालली. आम्हा दोघांचा जीव टांगणीला लागला. एका सकाळी विमाने शहरावरून नुसती पुढे निघून गेली, पण घड्याळजीचा चेहरा उतरला. दुपारी बहीण त्याचा डबा घेऊन वर आली.

"ताई, आज पाचच मिनिटं मिळाली गं."

"मुलांना अजून पळवू? जिन्यात चेंगरतील रे!"

"मग करणार काय?"

तिने माझ्या पत्र्यावर हात टेकला. मग म्हणाली, "उद्यापासून वर्ग तळघरातच भरवते. कंदील आहेत. मुख्याध्यापक हसले तर हसू देत."

ते हसलेच. नवव्या दिवशी घड्याळजीने हात वर केला, भोंगा वाजला आणि चार मिनिटांत शाळेचा तिसरा मजला खाली आला. घड्याळजी नळ्या कानांत तशाच ठेवून उभा राहिला. मला त्याच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना. तासाभराने धुळीने पांढरी झालेली ताई टेकडी चढून आली.

"चाळीसच्या चाळीस सुखरूप," ती म्हणाली. तेव्हा कुठे तो खाली बसला.

मग रडार आले. त्याला आवाजाची वाट बघावी लागत नसे. माझी रवानगी अडगळीत झाली. आता मी संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. नळ्या उंदरांनी कुरतडल्या, मुले माझ्यात तोंड घालून ओरडतात. आधी मी रुसलो होतो. पण ऐकतो ते असे, की रडारलाही चकवणारी अस्त्रे आली. नवे यंत्र दोन मिनिटे मिळवते, नवे अस्त्र तीन हिसकावते. मग मला चैन कशी पडावी?

मित्रांनो, माझा गंज खरवडलात तर बरे वाटेल. नाही खरवडलात तरी चालेल. पण वर्गातून तळघरात उतरायला किती मिनिटे लागतात, हे पुन्हा कुठल्या ताईला मोजावे लागू देऊ नका.