बंगईचा कोपरा

माझी बायको शीला गेल्यावर ओसरीतली बंगई, आमचा झोपाळा, मी कोणाला काढू दिली नाही. वणीतल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात जाड लोखंडी प्लेटमधून दोन काटकोनी ब्रॅकेट कापून मीच ती तुळईला टांगली होती. संध्याकाळी शीला डावीकडे बसायची, मी उजवीकडे.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या आठवणीत घरी होणाऱ्या बुद्धवंदनेच्या, आदल्या दिवशी शीलाचा भाऊ राजदीप म्हणाला की ब्रॅकेट जुने झाले, उद्या पाहुणे दाटीवाटीनं बसतील, बंगई काढून टाका. माझी मुलगी दीपमाला म्हणाली, आधी तपासू. पुण्यात ती यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर तपासते. ब्रॅकेटला कुठे तडा नाही हे तिनं पाहिलं. मग मी मापं सांगितली आणि तिनं लॅपटॉपवर त्याचं चित्र काढून त्यावर बसणाऱ्यांचं वजन टाकलं.

कॉम्प्युटरनं त्या चित्राचे त्रिकोण पाडले. जिथं ताण जास्त, तिथले त्रिकोण तो आपणच बारीक करतो आणि पुन्हा हिशेब मांडतो. बाकीचे मोठेच ठेवतो. आतल्या कोपऱ्यात ते मुंग्यांसारखे दाटले. पण दर वेळी ताणाचा आकडा वाढतच गेला.

“पोरगी त्रिकोण काढून राह्यली भाऊजी, तवर म्या नट काढले असते,” राजदीप म्हणाला. पाना त्याच्या हातातच होता.

दीपमालानं समजावलं की चित्रात कोपरा अगदी टोकदार आहे. असा कोपरा असला की त्रिकोण कितीही बारीक करा, आकडा थांबत नाही, आणि त्यावरून काही ठरवता येत नाही.

“बाबा, खरा कोपरा असाच हाय का? हात लावून पाहा.”

काटकोनात मीच कापला होता. तरी स्टुलावर चढलो. बोट आत गेलं आणि गोल वळलं. दुसऱ्या ब्रॅकेटलाही तसंच, गुळगुळीत.

शीलानं एकदा दुकानातून गोल कानस मागून नेली होती. कोपऱ्यात धूळ राहते, फडकं आत जात नाही म्हणाली. मी हसलो होतो.

मला खाली उतरवेना. राजदीपनं स्टूल धरलं.

“काय झालं भाऊजी?”

“तुह्या बहिणीनं घासला हाय.”

त्यानं पाना खाली ठेवला.

दीपमालानं ती गोलाई मोजून चित्रात घातली. त्रिकोण पुन्हा बारीक झाले, आकडा थोडा वाढला आणि थांबला. लोखंड सहज सोसेल एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी वंदना झाल्यावर बायका बंगईवर बसल्या. डावीकडेही बसल्या. सगळे गेल्यावर मी स्टुलावर चढून ब्रॅकेट पुसले. फडकं कोपऱ्यात आतपर्यंत गेलं.