कणगीच्या तळाशी नदी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्यात गाणी नाहीत, भारूड नाही, कुणाच्या लग्नाचं शूटिंगही नाही. माझ्यात एक नदी आहे.

हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. सुरुवातीला मलाही खरं वाटलं नव्हतं. आकाराने मी कपड्याच्या साबणाच्या वडीएवढी. अंग काळं, पोटात एक हिरवी पट्टी आणि पट्टीला सोनेरी दात. एवढ्याशा जागेत कुणीतरी एक अख्खी नदी, तिचे दोन काठ आणि एकतीस दगड बसवले. कसे बसवले, ते मला आजही कळलेलं नाही.

माझा जन्म १९८१ साली समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. मला व्हिडिओ गेमच्या यंत्रात खुपसायचं आणि यंत्र टीव्हीला जोडायचं. मग पडद्यावर खाली अलीकडचा काठ दिसतो आणि त्यावर एक चौकोनी ठिपका उभा असतो. तो माणूस आहे असं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं, म्हणून तो माणूस. नदीतून दगड तरंगत येतात. ठिपक्याने दगडांवरून उड्या मारत पलीकडे जायचं. पाण्यात पडला की पुन्हा अलीकडच्या काठावर. वीज गेली तरी अलीकडच्या काठावर. मला काही लक्षात ठेवता येत नाही. कारखान्याने ती सोय दिलेली नव्हती. मग मी हे आत्मवृत्त कसं सांगते आहे, ते कृपया विचारू नका.

पलीकडच्या काठावर काय आहे, हे माझ्या पुस्तिकेत लिहिलं होतं म्हणे. पण आखातात कामाला गेलेल्या कुणाच्या तरी सामानातून परभणी जिल्ह्यात येताना ती पुस्तिका हरवली आणि मी यंत्रासकट सेलूला चंद्रभानच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडले. तिथून १९८८ साली दिनकररावांनी मला उचललं. ते वालूरच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रेडिओ दुरुस्त करायला आले होते. तो तिथेच विसरले आणि मला घेऊन घरी गेले.

घरात त्यांची पत्नी सुमंगला होती आणि आत्या बायनाबाई होत्या. पहिल्यांदा टीव्हीवर माझी नदी उमटली तेव्हा सुमंगलाबाईंच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. बायनाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि टीव्हीला हात जोडले.

"दिनकर, गोदामाय हाय का रे ही?"

"न्हाई आत्याबाई, खेळ हाय. जपानी असंल न्हाईतर अमेरिकन."

"जपानी कशी असंल? दगडं तरंगायलेत की. रामाचं नाव असनार त्यावर."

माझ्या दगडांवर काहीही लिहिलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मला जरा सांभाळून वागावं असं वाटू लागलं.

बायनाबाईंचं लग्न तेराव्या वर्षी सोनपेठकडच्या, अगदी गोदावरीच्या काठावरच्या एका गावात झालं होतं. मालक गेल्यावर त्या माहेरी वालूरला आल्या. त्याला आता खूप वर्षं झाली. त्या एरवी जुनं काही बोलत नसत. पण त्या दिवशी ठिपक्याकडे बघत म्हणाल्या, "दारातून नदी दिसायची. दिवस मावळला की पलीकडच्या काठाला एक दिवा लागायचा. वीस वर्सं त्या दिव्याकडं बघत भांडी घासली मी. कोन राहतंय, काय खातंय, कायबी म्हाईत न्हाई. एकदा तरी न्या म्हनलं तर सासरे म्हनायचे, तितं काय ठिवलंय?"

मग त्यांनी दिनकररावांच्या हातातून जॉयस्टिक घेतली. ताक घुसळायची रवी धरतात तशी दोन्ही तळव्यांत उभी धरली आणि ठिपक्याला घेऊन निघाल्या.

मित्रांनो, मला मोठमोठ्या खेळाडूंसाठी बनवलं होतं. पण माझ्या नदीत बायनाबाईंइतकं पुढे कुणी गेलं नाही. पहिल्या महिन्यात दहावा दगड, वर्षभरात विसावा. पुढे एका रविवारी त्या एकतिसाव्या दगडावर उभ्या होत्या. एकच उडी उरली होती. तेवढ्यात वीज गेली.  वीज आली तेव्हा ठिपका अलीकडच्या काठावर, जणू कुठे गेलाच नव्हता. बायनाबाई "असू दे" म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. चहात त्यांनी मीठ टाकलं, तेवढंच.

इकडे दिनकररावांना जुन्या कॅसेटींचा नाद लागला. परभणीत तोवर एकाच कॅसेटमध्ये शंभर खेळ असलेली नवी यंत्रं आली होती. लोक जुनं काढून टाकायचे आणि सर ते गोळा करायचे. चार वर्षांत आम्ही त्रेचाळीस झालो. त्यातल्या सहा जणी यंत्रात बसतच नव्हत्या. नऊ जणींची चिठ्ठी निघून गेल्याने लावल्याशिवाय ओळख पटत नव्हती. आणि एक जण मुळात खेळ नव्हतीच, कुठल्या तरी शिलाई मशीनचा भाग होती. तिलाही सरांनी आमच्यातच ठेवलं. ती स्वभावाने चांगली होती.

पण ठेवायचं कुठे? कपाटात ठेवलं तर वाळवीने आमची खोकी खाल्ली. अक्षरं आधी खाल्ली, चित्रं नंतर. माळ्यावर ठेवलं तर उंदराने वायर कुरतडली. पावसाळ्यात आमच्या सोनेरी दातांवर हिरवा गंज चढला. पत्र्याच्या डब्यात ठेवलं, तर एके सकाळी आम्ही सगळ्या खाटेवर आणि डब्यात पापड.

"माझे पापड काय तुमच्या डोक्यावर ठिवू?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

"अगं, ह्या कॅसेटी पुन्हा मिळनार न्हाईत."

"पापड तरी कुटं मिळायलेत? दोन दिवस लाटायलेय मी."

शेवटी बायनाबाई पुढे झाल्या. १९९३ चा उन्हाळा होता. "दिनकर, तुला काय ठिवता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "वर्सभराचं कसं ठिवायचं ते मला इचार."

आणि त्यांनी आम्हाला वर्षभराच्या धान्यासारखं ठेवलं. आधी घरावरच्या सपाट माळवदावर जुनं लुगडं अंथरून आम्हाला तीन दिवस ऊन दिलं. माझ्या डाव्या हाताला कुरडया होत्या, उजव्या हाताला तुरीची डाळ. तीन दिवसांत माझ्या अंगावरची उरलीसुरली चिठ्ठी कुरडईसारखी वळली. मग डाळीला चोळतात तसं आम्हाला एरंडीचं तेल चोळलं. तोंडात बोट घालून दातांनाही चोळलं. शाळेतून आलेले दिनकरराव दारातच थबकले.

"आत्याबाई! तेल?"

"कीड लागत न्हाई."

"ह्यांना कीड लागतच न्हाई, आत्याबाई!"

"बघ, एका हातात गुन आला," बायनाबाई म्हणाल्या आणि पुढची कॅसेट घेतली.

नंतर कणगी भरली. ही बांबूची, शेणाने सारवलेली, माणसाएवढी कणगी. तळाशी कडुलिंबाचा पाला आणि चार बिब्बे टाकले. मग सगळ्यांत आधी मी, कारण घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू तळाशी ठेवायची असते. माझ्यावर ज्वारी, मग दोन कॅसेटी, पुन्हा ज्वारी, पुन्हा कॅसेटी, असं वरपर्यंत. शेवटी तोंड शेणामातीने लिंपून टाकलं.

मित्रांनो, त्या अंधाराबद्दल काय सांगू? माझ्यात एक नदी होती आणि माझ्याभोवती एक अख्खं शेत होतं. लाखो दाणे, आणि प्रत्येक दाण्यात एक कणीस गप्प बसलेलं. मला वाटायचं, एकतीस दगडांचं कौतुक करणारी मी कोण? मी तिथे फार नम्र झाले. तेलकटही होते.

दसऱ्याच्या सुमारास सेलूचा चंद्रभान यंत्र तपासायला घरी आला. त्याने झाकण उघडलं, बोट लावलं आणि झटकन काढलं.

"सर, आय.सी. लय तापायलाय. आन् हा आता कुटंच भेटत न्हाई. संक्रांत काढली तरी नशीब. काय खेळायचं ते खेळून घ्या."

सगळ्यांनी वळून कणगीकडे पाहिलं. कारण नदी कणगीच्या तळाशी होती.

"आत्याबाई, कणगी उपसू. अर्ध्या तासाचं काम हाय," दिनकरराव म्हणाले.

"भरली कनगी उपसत न्हाईत," बायनाबाई म्हणाल्या. "घरातली बरकत जाती. खाऊनच रिकामी करायची."

"तुमचाच काठ ऱ्हायलाय पलीकडचा!"

"म्हाईत हाय," बायनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "पन खाऊनच."

तेव्हा त्या घराने जेवायला सुरुवात केली. मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यांत थोर गोष्ट तीच. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, संध्याकाळी भाकरी. भाताला सुट्टी. दिनकरराव शाळेतल्या मास्तरांना आळीपाळीने जेवायला आणू लागले. सुमंगलाबाई दारावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवू लागल्या. पोस्टमन एका पत्रापायी तीन भाकरी खाऊन जायचा. नंतर तो पत्र नसतानाही येऊ लागला. दर दोन-चार दिवसांनी ज्वारीतून एखादी कॅसेट वर यायची. विमानाची आली, मोटारीची आली, शिलाई मशीनची आली. सर तिला स्पिरिटने पुसायचे. तेलात पिठूळ धूळ बसून दातांवर थालीपीठ झालेलं असायचं, ते आगपेटीच्या काडीने खरवडायचे. ती चालते का एवढं बघून यंत्र लगेच बंद करायचे. यंत्राचा जीव माझ्यासाठी राखायचा होता.

संक्रांतीला पोखर्णीहून सुमंगलाबाईंच्या माहेरची नऊ माणसं आली. त्याच दिवशी रेडिओवर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची बातमी सांगितली आणि गडबड होईल म्हणून एस.टी. बंद झाली. नऊ माणसं वालूरलाच अडकली. चार दिवस त्यांनी जी साथ दिली, तिला तोड नाही. सुमंगलाबाईंचे वडील किशनराव सोळाव्या भाकरीनंतर हात धुऊ लागले, तेव्हा दिनकररावांनी त्यांचा हात धरला.

"मामा, अजून एक. खाली नदी हाय."

किशनरावांना काही कळलं नाही. पण जावयाचे डोळे बघून ते पुन्हा बसले.

पाचव्या दिवशी दुपारी बायनाबाईंचा हात ज्वारीतून खाली खाली आला आणि माझ्या अंगाला लागला. त्यांनी मला लगेच उचललं नाही. थोडा वेळ हात नुसता माझ्यावर ठेवला.

मला पुसलं, खरवडलं, यंत्रात बसवलं. चंद्रभानने सांगितल्याप्रमाणे यंत्रावर ओला पंचा ठेवला. पहिल्यांदा नुसत्या रेघा आल्या. दुसऱ्यांदाही रेघा. तिसऱ्यांदा नदी आली. पोखर्णीची नऊ माणसं भिंतीला टेकून बसली.

बायनाबाईंनी रवी धरली. पाच दगड. बारा. वीस. पंच्यातून वाफ निघू लागली. सव्विसाव्या दगडावर पडदा आखडला, चित्र थरथरलं.

"व्होल्टेज पडायलंय!" दिनकरराव ओरडले. "गिरनी चालू हाय कुनाची तरी!"

ते अनवाणी गिरणीकडे धावले. धापा टाकत म्हणाले, "बंद करा! कुनाचं दळन हाय हे?"

"तुमचंच की, सर," गिरणीवाला भुजंग म्हणाला. "पावन्यांसाठी वैनींनी धाडलंय."

गिरणी बंद झाली. पडदा पुन्हा रुंदावला. एकोणतीस. तीस. एकतीस. बायनाबाई थांबल्या. गेल्या वेळी इथेच वीज गेली होती. त्यांनी डोळे मिटले आणि उडी मारली.

ठिपका पलीकडच्या काठावर उतरला.

मित्रांनो, माझ्याच पोटात काय आहे, हे मीही तेव्हाच पाहिलं. काठावर एक लहानसं घर होतं आणि घरात एक दिवा. ठिपका आपण होऊन चालत दारापर्यंत गेला आणि वळला. मग चित्र बदललं. आता त्या दारातून नदी दिसत होती, आणि नदीपल्याड आपला जुना, अलीकडचा काठ. तो अगदी बारीक दिसत होता. त्यावरही एक दिवा होता.

बायनाबाई पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या.

"आगं बया," बायनाबाई म्हणाल्या. "तिकडनं बघितलं तर आपल्याकडंबी दिवाच दिसतोय."

त्यांनी जॉयस्टिक खाली ठेवली. यंत्रातून खट्ट आवाज आला, थोडा धूर निघाला आणि पडदा काळा झाला. ते यंत्र पुन्हा कधीच सुरू झालं नाही.

चंद्रभानने फार दिलगिरी व्यक्त केली. पण मला त्याचं दुःख नाही. आजवर यंत्र पुन्हा सुरू झालं की ठिपका अलीकडच्या काठावर यायचा. या खेपेला यंत्र सुरूच झालं नाही. म्हणजे तो अजून पलीकडे आहे. दारात उभा राहून इकडचा दिवा बघतो आहे.

या उन्हाळ्यात कणगी पुन्हा भरली. दिनकररावांनी सांगून पाहिलं, "आत्याबाई, आता मशीनच न्हाई, कशाला?" बायनाबाईंनी मला ऊन दिलं. तेल मात्र लावलं नाही, माणसं शिकतात. मला तळाशी ठेवलं आणि माझ्यावर ज्वारी ओतली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी, बंद पडलेली वस्तू असेल. तिला ओलीपासून, वाळवीपासून आणि जास्तीच्या मायेपासून जपा. चालत नाही म्हणून टाकून देऊ नका. तिच्यात कुणीतरी कुठेतरी पोचलेलं असू शकतं. आणि कधी वालूरला आलात आणि मला भेटावंसं वाटलं, तर कणगी उपसायला सांगू नका. नुसते जेवायला बसा. एक भाकरी जास्त घ्या. मी खालीच आहे.