शेवटची सोळा पानं

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. नाव विचारू नका, कारण ज्या पानावर ते छापलं होतं ते पान कधीच गेलं. कव्हरही नाही. तरी माझं वय आणि माझं दुःख तुम्हाला सांगता येईल एवढी मी अजून शाबूत आहे.

माझ्या पोटात धोंडबा कंपाउंडरची गोष्ट आहे. एका लहान गावातला हा माणूस दवाखान्यात औषधं कालवतो आणि घरी दोन मुलांना वळण लावतो. कोणी चुकलं तर तो हात उगारत नाही. ताट समोर ठेवतो आणि म्हणतो, "आधी खरं सांग, मग जेवायला बस." लोकांनी या धोंडबासाठी मला डोक्यावर घेतलं. कितीतरी आया मला वाचून पदराने डोळे पुसत. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

हातोहात फिरता फिरता माझी शिवण उसवली आणि शेवटची सोळा पानं कुठेतरी गळून पडली. उरलेल्या भागात अगदी शेवटच्या ओळीवर धोंडबा आपल्या खोटं बोलणाऱ्या मुलाला, चंपतला, घराबाहेर काढतो आणि दार लावून घेतो. तिथेच पूर्णविराम, तिथेच पान संपलेलं. पुढे काही होतं अशी शंकासुद्धा कोणाला येऊ नये, असा माझा घात झाला.

अशा अवस्थेत मी नागपूरला दीक्षाभूमीच्या बाहेर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात पडले होते. धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. भिलाईहून आलेले कवडू नावाचे एक गृहस्थ वाकून पुस्तकं चाळत होते. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर नोकरी, चेहरा तिच्या धगीने रापलेला. दरवर्षी इथून एक पुस्तक घरी न्यायचंच, असा त्यांचा नेम होता. त्या वर्षी मी त्यांच्या पिशवीत गेले.

भिलाईच्या सेक्टरमधलं दोन खोल्यांचं ते क्वार्टर माझं घर झालं. कवडूबाबांनी मला खाकी कागदाचं कव्हर घातलं. मुलं शाळेत हिंदी बोलत, रस्त्यावर हिंदी बोलत. मराठी फक्त घरात उरली होती. म्हणून बाबांनी ठरवलं की मला मोठ्याने वाचून दाखवायचं. फर्स्ट शिफ्ट करून आले की अंघोळ, चहा आणि मग मी. नरेश दहाचा होता, आम्रपाली सातची. रुक्माबाई तांदूळ निवडता निवडता ऐकत.

शेवटचं पान वाचून झालं त्या दिवशी आम्रपालीने विचारलं, "बाबा, मंग चंपत वापस नाही आला का?"

"नाही," बाबा म्हणाले. "बापानं एकदा दार लावलं त लावलं. म्हणून तं तो मोठा माणूस."

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या शेवटच्या ओळीखाली सुरेख निळ्या अक्षरात लिहिलं, 'समाप्त'.

मित्रांनो, माझी पानं गेली तरी त्यांवरचं अक्षर न् अक्षर मला पाठ होतं. मी आतल्या आत ओरडत होते की हा शेवट नाही. पण पुस्तकाला कोणी उघडलं तरच त्याला तोंड फुटतं, आणि नसलेली पानं कोण उघडणार?

त्या घरात मी कायद्याचं पुस्तक झाले. पेन्सिल हरवली, गुण कमी पडले, काहीही झालं की "आंधी खरं सांग, मंग जेवाले बस." मुलं सांगत आणि जेवत. खरं सांगायचं तर ते फार छान दिवस होते.

नरेश मोठा झाला. बाबांनी त्याला आयटीआयला घातलं. एक वर्ष तो रोज सकाळी डबा घेऊन निघे आणि संध्याकाळी परत येई. एके दिवशी कारखान्यातल्या कमलेशने बाबांना सहज विचारलं, "नरेश अहिवाऱ्याले खदानीवर ट्रक चालवून राहिला म्हणे?"

त्या संध्याकाळी रुक्माबाईंनी ताट वाढलं. बाबा म्हणाले, "आंधी खरं सांग."

नरेशने मान वर केली नाही. "क्लास चालू हाय, बाबा."

तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. बाबांनी ताट उचललं. मी फळीवरून पाहत होते. "खरं बोलशीन तवाच ये," ते म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. अगदी माझ्यात लिहिलंय तसं. रुक्माबाई रडल्या, हातापाया पडल्या. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अकरा वर्षं गेली. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, भिलाईजवळच जुनवानीत लहानसं घर झालं. नरेश त्या खाणीच्या गावी, अहिवाऱ्यातच राहिला. त्याचं लग्नही तिकडेच झालं. रुक्माबाई आणि आम्रपाली त्याला भेटून येत. बाबा कधी विचारत नसत, पण त्या परत आल्या की त्यांच्या आसपास घुटमळत. मला कोणी हात लावेना. कसर लागली.

एके वर्षी आम्रपाली दीक्षाभूमीहून परतली ती थेट बाबांच्या खोलीत. तिच्या हातात माझी जुळी बहीण होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अखंड. "बाबा, पुढं हाय," एवढंच ती म्हणाली आणि वाचू लागली.

पुढे असं आहे. वर्षभराने धोंडबा स्वतः चंपतला शोधत जातो आणि म्हणतो, "खरं सांगायला तू यावंस म्हणून मी वाट पाहिली. पण तुला भीती का वाटली, हे ऐकायला मी यायला हवं होतं."

बाबांनी तिला ते दोनदा वाचायला लावलं. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या सोळा पानांच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक मैद्याची खळ करून माझ्या पाठीला चिकटवली. 'समाप्त' वर आडवी रेघ मारली. दुसरी पाकिटात घातली. इस्त्रीचा सदरा घालून, मला पिशवीत घेऊन ते अहिवाऱ्याच्या बसमध्ये बसले.

नरेशने दार अर्धंच उघडलं. कानाजवळ केस पिकले होते.

"नरेश, ते पुस्तक अर्धं होतं रे," बाबा म्हणाले.

"म्या तं पूरं भोगलं, बाबा," नरेश म्हणाला. "बापानं दार लावलं त लावलं. तुमीच शिकवलं नं?"

आणि दार लागलं. बाबांनी वाकून पाकीट दाराखालून आत सरकवलं.  घरी येऊन त्यांनी माझ्या समासात काहीतरी लिहिलं आणि मला फळीवर ठेवलं. चार महिन्यांनी ते झोपेतच गेले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला नरेश आला. पाहुणे पांगल्यावर त्याने मला उचललं. मागची पानं दिसली, बाबांचं अक्षर दिसलं. 'नरेशले वाचून दाखवाचं राहिलं.'

तो उभ्यानेच वाचू लागला, मोठ्याने. आवाज हुबेहूब बाबांचा. धोंडबाच्या त्या वाक्यापाशी तो अडखळला आणि खाली बसला.

"आमू, ते पाकीट म्या फोडलंच नाही," तो बहिणीला म्हणाला. "वाटलं, घराचे कागद असतीन. हक्क सोडाची सही पाह्यजे असन."

रुक्माबाईंनी डोळे पुसत ताट वाढलं. नरेश ताटावर बसला नाही. बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, क्लास म्या सोडला होता," तो म्हणाला. "वर्षभर खोटं बोललो. मशीनवर एका पोराचं बोट गेलं होतं माह्यासमोर. मले भेव लागे. तुमाले कसं सांगू, तुमी तं रोज भट्टीत जात होते."

मग तो जेवायला बसला. 

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना कव्हर घाला, कसर लागू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण आज माझं मागणं वेगळं आहे. मुलांना गोष्ट वाचून दाखवाल तेव्हा आधी शेवटची पानं आहेत का ते पाहा. आणि कोणत्याही पानाखाली आपल्या हाताने 'समाप्त' लिहिण्याआधी थोडं थांबा. कवडूबाबांनी ते खोडलं, पण त्यांची शाई पाठीमागच्या पानावर उतरली आहे, आणि ती आता जात नाही.